छोटी पेटी, मोठे आकडे : फोटो एडिटिंगच्या चाचण्या संशोधकाच्या नजरेने



पेट किंवा नेटची तयारी करताना 'सप्रमाणता' आणि 'विश्वसनीयता' या दोन संज्ञा आपण सगळेच पाठ करतो. वर्गात कुणी सप्रमाणता म्हणत नाही, सगळे व्हॅलिडिटीच म्हणतात, तो भाग वेगळा. व्याख्या लिहायला सांगितली तर लिहिता येते. पण समोर एखादा निष्कर्ष आला की ती व्याख्या वापरायची कुठे, हे मात्र सुचत नाही. म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि एक रोजचा नमुना घेऊ : 'हा छोटा डेस्कटॉप फोटो एडिटिंगला कसा चालतो' असं सांगणाऱ्या चाचण्या.

हाच विषय का? एक तर अशी प्रत्येक चाचणी म्हणजे छोटा प्रयोगच असतो. त्यात स्वाश्रयी चल असतो (कोणता संगणक), आश्रयी चल असतो (किती वेळ लागला), नमुना असतो आणि शेवटी ठणकावून सांगितलेला निष्कर्षही असतो. दुसरं कारण पैशांचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेज. २४ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी स्टोरेजचं मॉडेल ९९,९०० रुपयांना होतं. फरक झाला ४०,००० रुपयांचा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे. म्हणजे चुकीचा निर्णय घेतला तर एका महिन्याची फेलोशिप गेली, वर तीन हजार. आणि या यंत्रात मेमरी नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज कमी पडलं तर बाहेरून ड्राइव्ह जोडता येतो, मेमरीचा निर्णय मात्र पहिल्या दिवशीच कायमचा होतो.

आता या चाचण्या आपल्याला तो निर्णय घ्यायला कितपत मदत करतात ते पाहू.

मोजलं एक, सांगितलं दुसरं

बहुतेक चाचण्यांची सुरुवात गीकबेंच आणि सिनेबेंचच्या आकड्यांनी होते. मग एक आलेख येतो, सर्वात लांब पट्टी हिरव्या रंगात, आणि खाली वाक्य : 'फोटो एडिटिंगसाठी उत्तम.'

इथे थांबा आणि विचारा, हा आकडा नेमका कशाचा? सिनेबेंच एक त्रिमितीय दृश्य रेंडर करतं. ते काम सगळ्या कोअरमध्ये छान वाटलं जातं. गीकबेंचमध्ये फोटोशी संबंधित काही कामं आहेत हे खरं, पण त्याच्या एकूण गुणात फाइल कॉम्प्रेस करणं, वेब पान दाखवणं, प्रोग्रॅम कंपाइल करणं अशी इतर कामंही मिसळलेली असतात. ही दोन्ही साधनं वाईट नाहीत. चिपची सर्वसाधारण ताकद मोजायला ती बनवलेली आहेत आणि ते काम चोख करतात. अडचण मोजमापात नाही, त्यावरून मारलेल्या उडीत आहे. गणिताची परीक्षा घेऊन 'मुलगी उत्तम गाते' असा शेरा मारण्यातला हा प्रकार.

फोटो एडिटिंग हे एक काम नाही. रॉ फाइली आत घेणं, शेकडो फोटोंतून निवड करणं, रंग-प्रकाशाचे स्लायडर हलवणं, नॉइज काढणं, थर रचून रिटचिंग करणं, शेवटी एक्स्पोर्ट, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येक काम यंत्राचा वेगळा भाग दमवतं. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डिनॉइज मुख्यतः ग्राफिक्सवर चालतं. पॅनोरमा जोडताना मेमरी लागते. भराभर फोटो पुढे सरकवताना एका कोअरचा वेग आणि डिस्क महत्त्वाची ठरते. या सगळ्याला एकच गुण देणं म्हणजे विद्यार्थ्याच्या सहा विषयांची बेरीज सांगून विषयच न सांगणं.

त्यातही एक्स्पोर्टचीच चाचणी सगळ्यांची लाडकी. का? कारण ती मोजायला सोपी. बटण दाबा, घड्याळ लावा, चहा प्या, आकडा लिहा. पण एक्स्पोर्ट चालू असताना माणूस यंत्रापुढे बसलेलाच नसतो. तो बसलेला असतो स्लायडर हलवताना. आणि तिथे प्रश्न शंभर फोटोंना किती मिनिटं लागली हा नसतो, हात हलवल्यावर चित्र किती वेळात बदललं हा असतो. जेकब नीलसन यांनी १९९३ च्या पुस्तकात प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत : ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांपलीकडे लक्षच उडतं. स्लायडरच्या बाबतीत पहिल्या मर्यादेचा संबंध आहे, आणि ती मोजणारी चाचणी तुम्हाला क्वचितच सापडेल. सोपं ते मोजायचं आणि महत्त्वाचं म्हणून सांगायचं, ही सवय आपल्या क्षेत्रातही भरपूर आहे. प्रश्नावलीत जे विचारता येतं तेच संशोधनाचा विषय होऊन बसतं, तसंच हे.

छोट्या पेटीचा खरा प्रश्न : उष्णता

एम४ मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. आधीचा १९.७ सेंटिमीटरचा होता, उंची ३.६. गुणाकार करून पाहा, आकारमान जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं आहे. मग छोट्या डेस्कटॉपची चाचणी करणाऱ्याने पहिला प्रश्न काय विचारायला हवा? तासभर सलग काम दिल्यावर याचा वेग टिकतो का?

आणि इथे गीकबेंचची एक गंमत आहे. ते आपल्या छोट्या कामांच्या मध्ये मुद्दाम काही सेकंदांची विश्रांती देतं, उष्णतेचा परिणाम आकड्यावर कमी व्हावा म्हणून. चिपची तुलना करायची असेल तर ही विश्रांती शहाणपणाची आहे. पण ज्या चलाचा प्रभाव साधनानेच काढून टाकला आहे, त्या चलाबद्दल त्याच साधनावरून निष्कर्ष काढता येत नाही. सिनेबेंचमध्ये सलग दहा मिनिटं चालवण्याची सोय आहे, ती निदान या प्रश्नाच्या जवळ जाते.

खोलीचं तापमान तर जवळजवळ कुणीच लिहीत नाही. समजा चिपची मर्यादा १०० अंश आहे. २२ अंशांच्या एसी खोलीत हवेशी फरक राहतो ७८ अंशांचा. मे महिन्यात नागपूरच्या वसतिगृहात खोली ४० अंशांवर असेल तर फरक उरतो ६० चा. पंख्याचा वेग तोच धरला तर बाहेर टाकता येणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे साधारण २३ टक्के कमी. पंखा जोरात फिरून हे भरून काढेल, किंवा चिप आपला वेग कमी करेल. दोन्हींपैकी काय होतं, हे एसी खोलीतल्या चाचणीवरून कळणार नाही. बाह्य सप्रमाणता म्हणतात ती हीच : प्रयोगशाळेतलं खरं आपल्या खोलीतही खरं आहे का?

'कशामुळे' हा शब्द फुकट मिळत नाही

'एम१ वरून एम४ वर आलात तर वेग इतका वाढतो, चिप जबरदस्त आहे.' असं वाक्य दिसलं की मूळ मॉडेलं काढून बघा. २०२० चा सर्वात स्वस्त एम१ मॅक मिनी ८ जीबी मेमरीचा होता, २०२४ चा सर्वात स्वस्त एम४ मॅक मिनी १६ जीबीचा. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. मोठ्या पॅनोरमाला निम्मा वेळ लागला, तर श्रेय चिपचं की दुप्पट मेमरीचं? या तुलनेतून ते सांगताच येत नाही. विकत घेणाऱ्याला कदाचित फरक पडणार नाही, त्याला दोन्ही एकत्रच मिळणार. पण '१६ पुरेल की २४ घेऊ' असा तुमचा प्रश्न असेल, तर तुम्हाला नेमकं हेच वेगळं करून हवं आहे.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. २०२३ चा एम२ मॅक मिनी आला तेव्हा २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये डिस्कचा वाचण्याचा वेग आधीच्या एम१ च्या सुमारे निम्मा भरला. कारण साधं होतं : दोन मेमरी चिपांच्या जागी एकच मोठी बसवली होती, त्यामुळे दोन वाटांनी येणारा डेटा एका वाटेने येऊ लागला. जास्त स्टोरेजचं मॉडेल तपासणाऱ्याला हे दिसणंच शक्य नव्हतं. खोक्यावर नाव एकच, आतलं यंत्र वेगळं. म्हणून चाचणी वाचताना नमुना कोणता होता हे आधी पाहा. तुम्ही स्वस्त मॉडेल घेणार आणि चाचणी महागड्या मॉडेलची, तर तो निष्कर्ष तुमच्या लोकसंख्येवर लागू होत नाही.

विंडोजवाल्या मिनी पीसीतही तेच. एएमडीची रायझन ७ ७८४०एचएस ही चिप ३५ ते ५४ वॉटपर्यंत चालवण्याची मुभा उत्पादकाला आहे. कोण किती वॉटवर ठेवतो आणि पेटीत पंखा केवढा बसवतो, त्यावर वेग ठरतो. नुसतं चिपचं नाव वाचून दोन पेट्यांना सारखं समजू नका.

एकदाच मोजलं, म्हणजे किती वेळा?

आता विश्वसनीयता. समजा एका चाचणीत अ संगणकाला एक्स्पोर्टला १८२ सेकंद लागले आणि ब ला १७८. लगेच मथळा : 'ब जिंकला.' आता कल्पना करा की तीच चाचणी तीन-तीन वेळा केली. अ ला लागले १८२, १७५ आणि १९० सेकंद. ब ला १७८, १८६ आणि १७१. सरासरी फरक ४ सेकंदांचा, आणि एकाच यंत्राच्या तीन फेऱ्यांतला फरक १५ सेकंदांचा. या आकड्यांवरून कोण वेगवान हे सांगता येणार नाही. हे आकडे मी उदाहरणापुरते बनवले आहेत, पण मुद्दा खरा आहे : विखुरणं सांगितल्याशिवाय सरासरीला अर्थ नसतो.

फेऱ्या वेगळ्या का येतात? पहिल्या फेरीत फाइली डिस्कवरून येतात, दुसरीत त्या मेमरीत किंवा कॅशमध्ये तयार असतात. नवीन मॅक सुरू केला की पहिले काही तास तो मागे फाइलींची सूची बनवत असतो. पहिली चाचणी थंड यंत्रावर होते, पाचवी तापलेल्या. म्हणून क्रमही बदलून पाहावा लागतो. आधी नेहमी अ आणि मग नेहमी ब असं केलं तर क्रमाचा परिणाम यंत्राच्या नावावर जमा होतो.

वेग दुप्पट, वेळ मात्र तेवढाच

समजा एका समारंभाच्या फोटोंवर तुमचे एकूण ३०० मिनिटं जातात : आत घेणं २०, निवड १००, संपादन १५०, एक्स्पोर्ट ३०. नवीन यंत्राने एक्स्पोर्टचा वेग दुप्पट केला. वाचले किती? १५ मिनिटं. म्हणजे ५ टक्के. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली संगणकांबद्दल मांडलेला विचार हाच : एका भागाचा वेग कितीही वाढवा, एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याएवढाच मर्यादित राहतो. 'शंभर टक्के वेगवान' हे वाक्य खोटं नाही, आणि तुमचा दिवस मात्र ५ टक्क्यांनीच लहान होतो. शोधनिबंधात 'धोका दुप्पट झाला' असं वाचलं की मूळ धोका किती होता हे आपण विचारतो ना? तोच प्रश्न इथे विचारा.

न्याय करायचा तर

सगळ्या चाचण्या एका माळेत ओवणंही चूक ठरेल. पजेट सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीची पजेटबेंच ही चाचणी प्रत्यक्ष फोटोशॉप चालवून त्यातल्या ठराविक कृतींना लागलेला वेळ मोजते. कोणत्या कृती मोजल्या हे ती सांगते, आणि तीच चाचणी आपल्या यंत्रावर कुणालाही चालवता येते. प्रयोगाची पुनरावृत्ती शक्य असणं ही मोठी गोष्ट आहे. तिचा एकूण गुण पाहून थांबू नका, आतले वेगवेगळे वेळ पाहा. काही चाचणीकार स्वतःच्या कॅमेऱ्याच्या फाइली, प्रोग्रॅमची आवृत्ती, फेऱ्यांची संख्या असं सगळं लिहितात. त्यांचे निष्कर्ष कमी ठणठणीत असतात, 'हे अवलंबून आहे' असं ते वारंवार म्हणतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

मग चाचणी करायची कशी?

प्रश्नापासून सुरुवात करा. 'हा संगणक चांगला आहे का' हा संशोधन प्रश्न नाही. 'माझ्या कामासाठी १६ जीबी पुरते का' हा आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं, आणि त्यावर तुमचे पैसे ठरतात.

मग थोडी आकडेमोड. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी तीन रंग, १६ बिट म्हणजे दोन बाइट. एक पूर्ण थर झाला १४४ एमबीचा. असे दहा थर ठेवलेत तर जवळपास दीड जीबी. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक थर २७० एमबीचा, वीस थर म्हणजे ५.४ जीबी. त्यावर हिस्टरी, प्रणालीची स्वतःची गरज, आणि उघड्या राहिलेल्या ब्राउझरच्या पंचवीस टॅब. फोटोशॉप मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या सुमारे ७० टक्केच स्वतःकडे घेतं, हेही धरा. नुसत्या या गुणाकारावरून कळतं की २४ मेगापिक्सेलवर चार-पाच थरांचं काम करणाऱ्याला आणि ४५ मेगापिक्सेलचे पॅनोरमा जोडणाऱ्याला एकच सल्ला देता येणार नाही.

त्यानंतर १६ जीबीचं यंत्र कुणाकडून दोन तासांसाठी मिळवा. स्वतःच्या फाइली न्या, त्यातही सर्वात जड काम निवडा. नेहमी जे प्रोग्रॅम उघडे असतात ते सगळे उघडे ठेवा. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो : हिरवा, पिवळा, लाल. स्वॅप किती वाढला तेही तिथेच दिसतं. प्रत्येक काम किमान तीनदा करा, क्रम बदला, खोलीचं तापमान लिहा. अॅडोबीचे प्रोग्रॅम वापरत नसाल तर डार्कटेबलसारख्या मोफत प्रोग्रॅमवरही हीच पद्धत चालते.

आणि सर्वात महत्त्वाचं : निर्णयाचा नियम चाचणीच्या आधी वहीत लिहा. उदाहरणार्थ, 'माझ्या सर्वात जड कामात आलेख पिवळ्यावर टिकून राहिला, स्वॅप वाढत गेला आणि स्लायडर अडखळू लागला, तर २४ जीबी. नाहीतर १६, आणि उरलेल्या पैशांत बाहेरचा ड्राइव्ह.' नियम नंतर लिहिला तर मन आधीच आवडलेल्या मॉडेलकडे झुकतं आणि आकडे त्याच्या सोयीने वाचले जातात. गृहीतक निष्कर्षानंतर लिहायचं नाही, हे आपल्याला मार्गदर्शक सांगतात ते उगाच नाही.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. कोणत्याही छोट्या डेस्कटॉपची एक फोटो एडिटिंग चाचणी निवडा आणि चार रकाने आखा : काय मोजलं, काय सांगितलं, नमुना कोणता, किती वेळा. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. मग तेच चार रकाने तुमच्या विषयातल्या एका शोधनिबंधासाठी आखा. परीक्षेत व्याख्या विचारतील तेव्हा ती लिहालच, पण पुढे स्वतःचा प्रबंध लिहिताना त्याच चार रकान्यांत तुमचे परीक्षक तुम्हाला तपासणार आहेत. कुणी गृहपाठ केला तर खाली जरूर लिहा, पुढच्या लेखात आपण त्यातल्या दोन-तीन उदाहरणांवर बोलू.